मिश्रणाच्या उदाहरणात दुसरे समीकरण कशाचे असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०% आणि ५०% आम्ल असलेली दोन द्रावणे मिसळून ३०% आम्लाचे ६० लीटर द्रावण तयार करायचे. प्रश्नकर्त्याने क्ष + य = ६० आणि २०क्ष + ५०य = ३० अशी दोन समीकरणे मांडली, ती नीट सोडवली आणि उत्तर आले क्ष = ९९, य = −३९. आकडेमोड तीनदा तपासली तरी चूक सापडत नाही, अशी तक्रार आहे. जोडीला आणखी एक शंका आहे: ‘काही द्रावण काढून टाकले आणि तेवढेच शुद्ध आम्ल घातले’ अशा उदाहरणांत मांडणीला सुरुवातच कुठून करायची?

आधी दिलासा देतो. आकडेमोडीत चूक नाही, म्हणून ती सापडतही नाही. तुमच्या दोन समीकरणांची उकल खरोखरच ९९ आणि −३९ आहे. फक्त ती समीकरणे तुमच्या उदाहरणाची नाहीत, दुसऱ्याच कुठल्या तरी उदाहरणाची आहेत. ते दुसरे उदाहरण कोणते, हे शोधले की चूक आपोआप दिसते.

तुमच्या दुसऱ्या समीकरणाला दोन्ही बाजूंनी १०० ने भागा: ०.२क्ष + ०.५य = ०.३. आता डावी बाजू मोठ्याने वाचा. क्ष लीटरचा पाचवा भाग म्हणजे पहिल्या द्रावणातले आम्ल, य लीटरचा अर्धा भाग म्हणजे दुसऱ्यातले आम्ल. दोन्ही मिळून मिश्रणातले एकूण आम्ल, लीटरमध्ये. आणि उजवी बाजू काय म्हणते? हे सगळे आम्ल ०.३ लीटर, म्हणजे ३०० मिलिलीटर आहे. ६० लीटर द्रावणात ३०० मिलिलीटर आम्ल! सगळेच्या सगळे ६० लीटर सौम्य द्रावणाचे घेतले तरी आम्ल १२ लीटर होते. त्याहून कमी करायला जागाच नाही. तुम्ही अशक्य गोष्ट मागितली, आणि बीजगणिताने ती ऋण चिन्ह लावून प्रामाणिकपणे दिली. म्हणून ऋण उत्तर आले की लगेच खोडू नये. काय मागितले होते, हे ते उत्तरच सांगत असते.

दुरुस्ती एवढीच: ६० लीटरमध्ये ३०% आम्ल म्हणजे १८ लीटर आम्ल. दुसरे समीकरण ०.२क्ष + ०.५य = १८. दशांश नको असतील तर १०० ने गुणा: २०क्ष + ५०य = ३० × ६० = १८००. तुमच्याकडून उजवीकडचा ६० राहून गेला. क्ष च्या जागी ६० − य ठेवले की १२०० + ३०य = १८००, म्हणून य = २० आणि क्ष = ४०. ताळा: ४० लीटरमधून ८ लीटर आम्ल, २० लीटरमधून १० लीटर, एकूण १८. जमले.

तो ६० का राहतो, यावर जरा थांबायला हवे. ही चूक माझ्यासमोर इतक्या वेळा आली आहे की तिला निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही. तिच्या मुळाशी एक समज असतो: ‘२० टक्के, ५० टक्के, ३० टक्के हे तीन आकडे उदाहरणात आहेत, तर तिघांना एका समीकरणात बसवू.’ पण टक्का ही वस्तू नाही. तो दर आहे, शंभरात किती हे सांगणारा. भांडी एकमेकांत ओतताना लीटर लिटरात मिळतात, आम्ल आम्लात मिळते. टक्के टक्क्यांत मिळत नाहीत. २०% चे द्रावण ५०% च्या द्रावणात ओतले म्हणून ७०% चे होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी समीकरण लिहिताना हात तेच करतो. समीकरण नेहमी अशा राशींचे लिहायचे ज्यांची खरोखर बेरीज होते. मिश्रणात तशा राशी म्हणजे एकूण द्रावण आणि त्यातला शुद्ध घटक.

म्हणून मी शिकवताना समीकरणाच्या आधी तीन रकाने आखायला लावतो: किती घेतले, त्याचा दर काय, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे शुद्ध घटक किती. प्रत्येक भांड्याला एक ओळ आणि मिश्रणाला शेवटची ओळ. पहिल्या रकान्याची बेरीज हे पहिले समीकरण, तिसऱ्या रकान्याची बेरीज हे दुसरे. मधल्या रकान्याची बेरीज कधीच करायची नाही. मुले मधल्या रकान्याखाली रेघ ओढायला लागली की मी तिथे सरळ फुली मारतो.

आता कोणी हुशार विद्यार्थी विचारतो: आम्लाचे समीकरण लिहिले, मग पाण्याचे का नाही? लिहा की. सौम्य द्रावणात ८०% पाणी, तीव्र द्रावणात ५०%, मिश्रणात ७०%: ०.८क्ष + ०.५य = ४२. आपली उत्तरे ठेवून पाहा, ३२ + १० = ४२. मग दोन चलांसाठी तीन समीकरणे झाली की! नाही झाली. आम्लाचे आणि पाण्याचे समीकरण मिळवले तर क्ष + य = ६० हेच परत येते. तिसरे समीकरण नवी माहिती आणत नाही, पहिल्या दोघांतच ते दडलेले असते. तिघांपैकी कोणतीही दोन घ्या, उत्तर तेच. पाण्याचे समीकरण ताळ्यासाठी ठेवावे असे मी सांगतो, कारण ते वेगळ्या वाटेने येते आणि आधीची चूक पकडते.

सोडवण्यापूर्वीच उत्तराचा अंदाज बांधायची सवय लावून घ्या. ३० हा आकडा २० च्या जवळ आहे, ५० पासून लांब. म्हणजे सौम्य द्रावण जास्त लागणार. किती जास्त? ३० पासून २० चे अंतर १०, ५० चे अंतर २०. प्रमाण उलटे लागते: सौम्य : तीव्र = २० : १० = २ : १. साठ लिटरांचे तीन भाग केले की ४० आणि २०. हे काही वेगळे शास्त्र नाही, ०.२क्ष + ०.५य = ०.३(क्ष + य) हे समीकरण आवरले की ०.२य = ०.१क्ष उरते, तेच हे.

ही युक्ती फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) सोन्याच्या कसाची अशी उदाहरणे सुवर्णगणितात येतात. १६ वर्णाचे आणि १० वर्णाचे (वर्ण म्हणजे कस मोजायचे एकक) सोने एकत्र आटवले, १२ वर्णाचे झाले, तर दोन्हींची वजने सांग. तिथला नियम हाच: वरच्या कसातून मिश्रणाचा कस वजा करा, ते हलक्या सोन्याचे माप, मिश्रणाच्या कसातून खालचा वजा करा, ते भारी सोन्याचे. म्हणजे १६ वर्णाचे २ भाग, १० वर्णाचे ४. आणि पुढे नियम सांगतो की या मापांना मनाला येईल त्या संख्येने गुणा. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यांत आवडते. एकूण वजन दिलेलेच नाही, म्हणजे दोन अज्ञात आणि समीकरण एकच. मग फक्त प्रमाण ठरते, वजने ठरत नाहीत. ते ‘मनाला येईल त्या संख्येने’ हे शब्द म्हणजे अनंत उकली असल्याची कबुली आहे.

त्यातून हेही दिसते की दराची टक्केवारीच असायला हवी असे काही नाही. सोन्याचा कॅरट चोवीसात किती हे सांगतो. २४ आणि १८ कॅरट मिसळून २२ कॅरट हवे असेल तर टक्क्यांत रूपांतर करत बसू नका; २२ − १८ = ४ भाग २४ कॅरटचे, २४ − २२ = २ भाग १८ कॅरटचे. सगळीकडे एकच एकक वापरले म्हणजे झाले.

शुद्ध पाणी किंवा शुद्ध आम्ल मिसळायचे असते तेव्हा बरेच जण अडतात, कारण उदाहरणात टक्का लिहिलेला नसतो. शुद्ध आम्लाचा दर १००%, पाण्याचा ०%. पाण्याला १०० लिहिणारे खूप भेटतात. ‘शुद्ध’ या शब्दाने फसतात. शुद्ध कशाच्या दृष्टीने, हा प्रश्न विचारायचा. आम्ल मोजत असाल तर पाण्यात आम्ल शून्य. ४५% चे ८ लीटर द्रावण पाणी घालून ३०% वर आणायचे असेल तर आम्ल ३.६ लीटर आहे आणि तेवढेच राहणार. ३.६ हे ज्याचे ३०% आहेत ते १२ लीटर. पाणी ४ लीटर. इथे दोन चलांचा थाटमाट लागतच नाही. जो घटक बदलत नाही त्याला धरून ठेवा, बाकीचे त्याच्याभोवती फिरते.

त्याच धर्तीचे, पण भल्याभल्यांना चकवणारे एक उदाहरण सांगतो. १०० किलो गाळात ९९% पाणी आहे. तो थोडा वाळला आणि पाणी ९८% झाले. आता वजन किती? बहुतेक जण ९९ किलो म्हणतात. गाळातला कोरडा भाग १ किलो होता, तो १ किलोच राहिला. पण आता तो २% आहे. म्हणजे एकूण वजन ५० किलो. पाण्याचा टक्का एकाने उतरला आणि अर्धे वजन उडून गेले. दर आणि राशी यांतला फरक यापेक्षा झणझणीत शब्दांत मला सांगता येणार नाही.

कधी कधी प्रश्न उलटा येतो: मापे दिलेली, दर अज्ञात. पहिल्या भांड्यातले २ लीटर आणि दुसऱ्यातले ३ लीटर मिसळले तर ३४% चे द्रावण होते. पहिल्यातले ३ आणि दुसऱ्यातले २ मिसळले तर ३६% चे. दोन्ही भांड्यांतले टक्के अ आणि ब मानले की २अ + ३ब = १७० आणि ३अ + २ब = १८०. रकाने तेच, फक्त अज्ञात पहिल्या रकान्यातून मधल्या रकान्यात गेले. सहगुणकांची अदलाबदल झालेली दिसली की लोप करायला, म्हणजे एक चल घालवायला, धावू नका. बेरीज करा: ५अ + ५ब = ३५०, म्हणून अ + ब = ७०. वजाबाकी करा: अ − ब = १०. अ = ४०, ब = ३०. संपले.

आता उकल केव्हा मिळत नाही, याबद्दल. २०% आणि ५०% मिसळून ६०% कधीच होणार नाही; समीकरणे मांडलीत तर ६० लीटरसाठी क्ष = −२०, य = ८० येईल. गणिताच्या दृष्टीने उकल ठीक, भांड्याच्या दृष्टीने निरर्थक. मिश्रणाचा दर दोन दरांच्या मध्येच असतो, कारण तो त्यांची भारित सरासरी, म्हणजे ज्याचे माप जास्त त्याला जास्त वजन देणारी सरासरी, आहे. (साधी सरासरी, म्हणजे ३५%, फक्त दोन्ही समान मापाने घेतली तरच.) आणि दोन्ही द्रावणे एकाच दराची असतील तर? आलेख काढलात तर दोन समांतर रेषा मिळतील, किंवा एकच रेषा दोनदा. पहिल्या वेळी उकल नाही, दुसऱ्या वेळी कशीही मिसळा, चालते.

वर्गात न येणारी, पण प्रत्यक्ष कामात त्रास देणारी एक गोष्ट इथेच आहे. समजा ६० लीटर मिश्रण आधीच तयार आहे आणि त्यात कशाचे किती गेले हे मिश्रणाचा टक्का मोजून शोधायचे आहे. दर २० आणि ५० असतील, मोजमाप अर्ध्या टक्क्याने चुकले, तर उत्तर १ लीटरने चुकते. पण दर २९ आणि ३१ असतील तर तीच अर्ध्या टक्क्याची चूक उत्तरात १५ लीटर होऊन उतरते. य = ६० × (मोजलेला टक्का − खालचा दर) ÷ (दरांतला फरक) हे लिहून पाहा; फरक छेदात आहे, तो लहान झाला की चूक फुगते. दोन रेषा जवळजवळ समांतर झाल्या की छेदनबिंदू हाताला लागत नाही, हे तुम्ही आलेखात पाहिले असेल. इथे त्याच्यामुळे माल वाया जातो.

तीन द्रावणे आली की माणसे घाबरतात. घाबरण्याआधी घटक मोजा. १०%, २०% आणि ५०% ची तीन द्रावणे मिसळून तेच ३०% चे ६० लीटर हवे असेल तर समीकरणे दोनच: क्ष + य + झ = ६० आणि क्ष + २य + ५झ = १८०. वजाबाकी केली की य + ४झ = १२०. म्हणून य = १२० − ४झ आणि क्ष = ३झ − ६०. झ कितीही घेता येतो, पण क्ष आणि य ऋण होऊ द्यायचे नाहीत, म्हणून झ २० ते ३० मध्येच हवा. झ = २० घेतले तर क्ष = ०, य = ४०, म्हणजे आपले पहिले उत्तर परत. झ = २५ घेतले तर १५, २० आणि २५. सगळी बरोबर. अशा प्रश्नाला ‘उत्तर काय?’ विचारणे चूक आहे. यातले कोणते स्वस्त, कोणते साठ्यात जास्त आहे, यावर निवड ठरते.

याच्या उलट, घटक वाढले तर समीकरणे वाढतात. तांबे, जस्त आणि कथील यांचे १०० किलो संमिश्र करायचे आहे: तांबे ८३, जस्त १२, कथील ५. हाताशी दोन संमिश्रे आहेत, एकात ६०% तांबे व ४०% जस्त, दुसऱ्यात ९०% तांबे व १०% कथील. जस्त फक्त पहिल्यातून येते, म्हणून ते ३० किलो लागणार. कथील फक्त दुसऱ्यातून, म्हणून ते ५० किलो. बेरीज ८० झाली, १०० नाही. दोन अज्ञातांवर तीन स्वतंत्र अटी घातल्या, त्या एकमेकींशी पटल्या नाहीत. तिसरा पदार्थ म्हणून शुद्ध तांबे घ्या, २० किलो; तांबे १८ + ४५ + २० = ८३, सगळे जुळते. हे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण पुस्तकातल्या लोपपद्धतीने तीन समीकरणे घासत बसणारे पाहिलेत की वाईट वाटते. एखादा घटक एकाच पदार्थातून येत असेल तर आधी तिथे बोट ठेवा.

आता तुमची दुसरी शंका. १२ लीटर द्रावण, आम्ल ४०%. काही काढून टाकले, तेवढेच शुद्ध आम्ल घातले, द्रावण ५०% चे झाले. किती काढले? इथे लोक काढलेल्या मापाला चल मानतात आणि मग ‘काढलेल्यात आम्ल किती, उरलेल्यात किती’ यात गुरफटतात. चूक नाही, पण वाट लांबची. उरलेल्या द्रावणाला क्ष म्हणा, घातलेल्या आम्लाला य. काढून टाकलेले गेले, त्याच्याकडे पाहायचेच नाही. राहिले साधे मिसळण्याचे उदाहरण: क्ष लीटर ४०% चे आणि य लीटर १००% चे. क्ष + य = १२, ०.४क्ष + य = ६. वजाबाकी केली की ०.६क्ष = ६, क्ष = १०, य = २. म्हणजे २ लीटर काढले. काढताना द्रावण नीट ढवळलेले होते हे मात्र गृहीत आहे, नाहीतर उरलेल्याचा दर ४०% राहिला कशावरून?

हीच कृती पुन्हा पुन्हा करायची असेल तर प्रत्येक वेळी उरलेला भाग १०/१२ ने गुणला जातो. इथे शुद्ध आम्ल घालत असल्यामुळे पाण्याकडे लक्ष ठेवा, कारण पाणी फक्त कमी होते: ७.२ लीटर, मग ६, मग ५. एका वेळी किती काढायचे ते माहीत नसून दोन वेळांनंतरचा दर दिला असेल तर अज्ञाताचा वर्ग येतो, आणि रेषीय समीकरणांची हद्द तिथे संपते.

आणखी एक हद्द सांगून ठेवतो, कारण प्रयोगशाळेत गेलात की तीच आधी आडवी येईल. आपण पहिल्या रकान्यात लीटर लिहून त्यांची बेरीज केली. वजनांची बेरीज नेहमी जुळते, आकारमानाची जुळेलच असे नाही. ५० मिलिलीटर पाणी आणि ५० मिलिलीटर इथेनॉल मिसळले तर १०० नव्हे, सुमारे ९६ ते ९७ मिलिलीटर भरते. रेणू एकमेकांत जास्त दाटीने बसतात. म्हणून तिथे पहिल्या रकान्यात ग्रॅम लिहायचे आणि दरही वजनाला वजन असा घ्यायचा. बाटलीवरचा टक्का कोणता आहे ते आधी वाचा. सलाईनवरचे ०.९% म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, म्हणजे वजन आणि आकारमान यांचे गुणोत्तर. परीक्षेतल्या उदाहरणात लिटरांची बेरीज जुळते असे धरूनच चालायचे असते. तिथे मूळ प्रश्नाची उत्तरे ४० लीटर आणि २० लीटर हीच.